डाग आधी उलटा करून बघा

जुने डाग, म्हणजे दागिने, दुरुस्त करणं, गाठवणं आणि त्यांच्यावरून शिकून नवे घडवणं हा माझा धंदा. पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात खोली आहे, दोन कारागीर आहेत, खिडकीशी टेबल आहे. त्या टेबलावर आजीची नथही येते आणि नातीनं मोबाइलवर हेरलेलं डिझाइनही. दोघींचं एकमेकींना पटवून देता देता जे ध्यानात आलं, ते असं:

१. समोरची बाजू सगळेच बघतात

गिऱ्हाईक दागिना समोरून दाखवतं. कारागीर मात्र हातात घेतल्या घेतल्या तो उलटा करतो. मीही हीच सवय लावून घेतली. कोल्हापुरी साजाचं एक पान घ्या. पुढून ठशात दाबलेला पातळ पत्रा, त्यावर माशाचे खवले किंवा कारल्याच्या रेघा. मागून दुसरा सपाट पत्रा झाळलेला आणि मधल्या पोकळीत लाख. पान कानाशी धरून हलवलं आणि आत बारीक खुळखुळ आली, तर लाख सुकून सुटली आहे. आता ते पान बोटानं दाबलं तरी चेपेल. हे समोरून कधीच कळत नाही.

जयपूरच्या कुंदनकामात तर पाठीमागचा मीना अनेकदा पुढच्या खड्यांपेक्षा सरस असतो. आधी मीना भट्टीत भाजून घेतात, मग लाख भरतात, मग शुद्ध सोन्याच्या पट्ट्या दाबून खडे बसवतात. क्रम उलटा केला तर उष्णतेनं सगळंच जाईल. हा पाठीचा मीना बघणार कोण? घालणारी, गळ्यात अडकवण्याआधी एकदा. तेवढ्यासाठी कुणीतरी पक्षी आणि पोपटी पानं रंगवली. नव्या दागिन्याची मागची बाजू खडबडीत, साच्यातून निघाली तशीच सोडलेली दिसली की मला पुढच्या चकाकीचाही संशय येतो. हा माझा पूर्वग्रह असेल, पण आजवर तो फारसा चुकलेला नाही.

२. रंगांचा क्रम भट्टी ठरवते, आवड नव्हे

मीना म्हणजे काचेची रंगीत भुकटी. ती सोन्यात कोरलेल्या खळग्यात भरून सातशे-आठशे अंश सेल्सियसला भाजतात. प्रत्येक रंगाची काच वेगळ्या उष्णतेला वितळते, म्हणून जास्त आच सोसणारा रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी. जुन्या पद्धतीत पांढरा पहिला आणि लाल अगदी अखेरचा. लाल बिघडला तर आधीच्या साऱ्या भाजण्या पाण्यात. जुन्या तुकड्यातला एकसारखा, आरपार, डाळिंबी लाल बघितला की मी त्या कारागिराला मनातल्या मनात हात जोडते. शिवाय तो लाल सोन्यावरच खुलतो. चांदीवर थेट भाजला तर पिवळट-तपकिरी व्हायला लागतो.

आता हवा पिस्ता, लव्हेंडर, फिक्या गुलाबीची आहे. हे रंग बहुतेक वेळा भट्टीतले नसतातच. ते राळेसारख्या रसायनाचे, थंडच भरलेले असतात. त्यात वाईट काही नाही. हव्या त्या छटा मिळतात आणि खर्चही कमी येतो. पण त्यावर ओरखडे पडतात, आणि दुरुस्तीसाठी जवळपास झाळायची वेळ आली तर रंग जळतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं, मग त्यानं ठरवावं. दुकानात दोन्ही ‘मीना’ याच नावानं विकतात, तेवढं फक्त खटकतं.

३. नथ आपल्याला वाटते तितकी जुनी नाही

मराठी दागिन्यांत मीना कमी. आपला रंग आला तो खड्यांतून आणि मोत्यांतून. नथ हे त्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण: मधे लाल, शेजारी हिरवा, भोवती पांढरा आणि हे सगळं बांधणारी सोन्याची पिवळी तार. इंचभर जागेत चार रंग. नथीत खडे-मोती चिकटवलेले नसतात. प्रत्येक मोत्यातून केसाएवढी तार ओवून ती मूळ तारेला पीळ देऊन बांधतात. भिंगाखाली धरली तर ते पीळ एकाच दिशेनं गेलेले दिसतात. एखादा उलटा गेला असेल, तर तिथे कधीतरी दुसऱ्या हाताची दुरुस्ती झाली आहे असं मी धरून चालते.

‘पारंपरिक नथीत बदल नको’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी अजिंठ्याची आठवण करून देते. तिथल्या चित्रांत गळ्यात, कानांत, दंडावर, कमरेवर दागिन्यांची लयलूट आहे. नाकात काही नाही. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनत्वाचा मागोवा घेत स्वतंत्र लेखच लिहिला होता. नाकातला दागिना आपल्याकडे मध्ययुगात रुळला, हे आता अभ्यासक सर्रास मानतात. म्हणजे कधीतरी तीही नवी फॅशन होती आणि कुणा तरी सासूबाईंनी तेव्हाही नाक मुरडलं असेल.

तेव्हा नाक न टोचलेल्या मुलीसाठी चापाची नथ करायला माझी ना नाही. हरकत आहे ती मोत्यांऐवजी प्लॅस्टिकचे मणी डिंकानं चिकटवून तिला ‘पेशवाई’ म्हणण्याला.

४. मोत्याला शुभ्र म्हणू नये

जुन्या नथीतला, कुडीतला किंवा तन्मणीतला मोती दिवसाच्या उजेडात बघा. पांढरा नसतो. साय, फिका गुलाबी, कधी किंचित पिवळसर. हे बसरा मोती. बसरा हे बाजारपेठेचं नाव. मोती निघायचे ते इराणच्या आखातात, बहरीनच्या आसपासच्या समुद्रतळावर. नाकाला चिमटा लावून पाणबुडे उन्हाळ्याच्या हंगामात बुड्या मारायचे. माल यायचा मुंबईला. इथे तो चाळला जाई, छेदला जाई, जुळवला जाई आणि मग पॅरिस-लंडनला जाई. मुंबई ही मोत्यांची जगातली एक मोठी पेठ होती, हे आता मुंबईकरांनाही सांगावं लागतं.

मोत्याचा भावही सरळ वजनावर नव्हे, वजनाच्या वर्गावर चढायचा; दुप्पट वजनाच्या मोत्याला साधारण चौपट किंमत. म्हणून छेद अगदी बारीक पाडत, वजन कमी जाऊ नये म्हणून. आजही जुना मोती गाठवताना नेहमीची सुई त्यातून जात नाही. जोर केला तर तोंडाशी कपचा उडतो. अशा मोत्यांना मी सुई लावतच नाही, रेशमाच्या टोकाला मेण लावून तेच वळून ओवते.

१९१७ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची आख्खी हवेली कार्तिये या जवाहिरांच्या घराण्यानं एका दुपदरी मोत्याच्या कंठ्याच्या बदल्यात घेतली. कंठ्याची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. आपल्याकडे बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकात लाखो मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. आणि मग भाव कोसळला. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला होता. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी आली, आणि १९३० च्या दशकात आखातातला धंदा बसला. त्याच सुमारास बहरीनला तेल सापडलं, पाणबुडे तिकडे वळले. फिफ्थ अॅव्हेन्यूचा तो कंठा १९५७ मध्ये लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला.

हे सगळं कशासाठी सांगतेय? कारण माझ्या टेबलावर नेहमी होणारं भांडण याच्याशी जोडलेलं आहे. नथीतला एक मोती पडलेला असतो. ताई म्हणतात, “सगळेच नवे घाला ना, एकसारखे पांढरेशुभ्र. हे पिवळे पडलेत.” ते पिवळे पडलेले नसतात, ते तसेच निघाले होते. त्यांच्यात संवर्धित शुभ्र मोती घातला तर तो खोट्या दातासारखा दिसतो. जुना, किंचित कमी गोल, सायीच्या रंगाचा मोती शोधायला वेळ लागतो, पण शोधावाच. आणि एक सूचना: दातावर घासून रखरख लागली म्हणजे मोती ‘असली बसरा’, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. त्या परीक्षेत काचेचा मोती नापास होतो एवढंच. नैसर्गिक की संवर्धित हे एक्स-रेखाली प्रयोगशाळाच सांगू शकते.

५. जुना खडा खाणीतलाच असेल असं नाही

एका काकूंकडून त्यांच्या आजेसासूबाईंच्या कुड्या आल्या होत्या. मधे माणिक, रंग सुरेख. भिंगातून पाहिलं तर आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वाकड्या समांतर रेषा आणि एक-दोन चिमुकले बुडबुडे. माणिक कारखान्यातलं होतं. काकूंचा चेहरा पडला. “म्हणजे आमच्या आजेसासूबाईंना फसवलंच की हो!”

फसवलं असेलच असं नाही. ऑग्युस्त व्हर्नॉई या फ्रेंच शास्त्रज्ञानं ज्योतीत माणिक बनवायची रीत १९०२ साली जाहीर केली, आणि थोड्याच वर्षांत असे खडे जगभर पसरले. रासायनिक घडण खाणीतल्या माणकासारखीच, नक्कल काचेची नव्हे. त्या काळच्या सोनाराच्या दृष्टीनं तो एक नवा, स्वच्छ, परवडणारा लाल खडा होता. अगदी राजमुकुटांचीही हीच गत. ब्रिटिश मुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ माणिक नाहीच, स्पिनेल आहे. तरी ते मुकुटात समोरच बसलेलं आहे.

काकूंना मी इतकंच म्हटलं, की विकायचं असेल तर दर वेगळा. घालायचं असेल तर कुडीला लाल हवा होता, तो आहे.

६. दागिन्यावरची चित्रं लोक आपल्या परीनं वाचतात

पुतळ्यांची माळ सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या जुन्या नाण्यावर दोन माणसं दिसतात, एक उभा, एक वाकलेला. घरोघरी त्याचे अर्थ वेगळे: कुणी रामसीता म्हणतं, कुणी लक्ष्मी. नीट पाहिलं तर अनेकदा तो व्हेनिसचा डुकाट असतो किंवा त्याची देशी नक्कल. वाकलेला आहे तो व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि त्याला ध्वज देणारा संत मार्क. नाण्याच्या मागच्या बाजूला लंबगोलात उभा येशू. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं हे नाणं व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आलं आणि इतकं विश्वासाचं ठरलं, की इथल्या सोनारांनी त्याचे ठसे केले. नकलेवरची लॅटिन अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या.

कोकणातल्या बाईनं येशूचं चित्र गळ्यात घालून मंगळागौर जागवली असेल आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. दागिन्याचा ‘खरा अर्थ’ कोणता, हा प्रश्न मला हे कळल्यापासून फारसा पडत नाही.

७. साजाचं एकच पान गळ्यात अडकवावं का?

साजाला २१ पानं. सांगतात ते असं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची आणि शेवटचं डोरलं. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या गुजरी या सराफबाजारातले दोन सोनार दोन याद्या सांगतील; चंद्र, शंख, मासा, कासव, भुंगा, बेलपान, नाग, कारलं यांत थोडं इकडेतिकडे होतंच. आता मुली म्हणतात, “एवढा मोठा साज ऑफिसला कुठे घालू? मासा आणि चंद्र, दोनच द्या.”

मी देते. पण पानांच्या मधले जावमणी सोडायला मी तयार नसते. साजाची लय त्या मण्यांत आहे. दोन ठसठशीत पानांमध्ये डोळ्याला टेकायला जागा तेच देतात. ते काढून पान साखळीला लटकवलं की उरतं फक्त बोधचिन्ह.

८. सोन्यालाही रंग असतो

गिऱ्हाईक कॅरेट विचारतं ते भावासाठी. मी विचारते ते रंगासाठी. बावीस कॅरेटचा, म्हणजे ९१६ चा, पिवळा आपल्या डोळ्यांत इतका बसला आहे की अठराचा दागिना फिका वाटतो. तांबं जास्त घातलं की सोनं गुलाबी होतं, चांदी वाढली की हिरवट झाक येते. हिऱ्याला अठरा बरं. ते कडक असतं, खड्याचे दात झिजत नाहीत. माणिक-मोत्याला मात्र बावीसच. शेजारचा रंग खड्याचं रूप पालटतो. हे पटत नसेल तर कार्तियेचे ‘टुट्टी फ्रुट्टी’ दागिने बघा. त्या घराण्यातला झाक कार्तिये १९११ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, इथे पानाफुलांसारखी कोरलेली माणकं, पाचू, नीलम घरच्या कारखान्यात पोचली, आणि विसाच्या दशकापासून पॅरिसमध्ये ती प्लॅटिनम आणि हिऱ्यांच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर जडवली गेली. तेच आपले लाल-हिरवे; सोन्यात असते तर हळदीकुंकवाला निघाले असते, प्लॅटिनमवर ते मेजवानीला निघाले.

कधी कधी टेबलावर विचित्र फिकट पिवळा दागिना येतो, घडण मात्र अस्सल मराठी. बरेचदा तो १९६३ ते ६६ मधला निघतो. चीनच्या युद्धानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि नव्या दागिन्याला १४ कॅरेटची मर्यादा घातली. हजारो सोनारांची रोजी गेली. ती मर्यादा १९६६ मध्ये उठली, नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत होता. त्या वर्षांत लग्न झालेल्या बायका आपल्या पाटल्यांना नाकं मुरडतात. मला त्या आवडतात. एवढा ठळक इतिहास अंगावर घालायला दुसरीकडे कुठे मिळणार?

९. ओझं कुठे टेकतं ते बघा

नव्या डिझायनरांना मी हे एकच शिकवते. दागिना कागदावर सुंदर असतो, आणि अर्ध्या तासानं कान ओघळतो. जुन्या लोकांनी याला उत्तरं शोधून ठेवली होती. जड कुडी-झुब्याचं ओझं मोत्याच्या वेलानं वर केसांत नेलं, कानाची पाळी वाचली. ठुशीला मागे कडी न ठेवता दोरा आणि गोंडा दिला. सासूची ठुशी सुनेच्या गळ्याला बसते ती त्यामुळे. बोरमाळेचे मणी पोकळ करून लाखेनं भरले, दिसायला भरघोस आणि मानेला हलके. (मोडताना हीच लाख वजनातून वजा होते, तेव्हा सराफावर ओरडू नका.)

आजच्या चांदीकाम करणाऱ्या कितीतरी मुली उत्तम काम करतात. ज्यांचं काम टिकतं त्यांनी जुन्या दागिन्याचा आकार उचललेला नसतो, अशी युक्ती उचललेली असते.

१०. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात मोलाची

मंगळसूत्रात दोन वाट्या सोन्याच्या, एक माहेरची, एक सासरची. पण तुटल्यावर बाई हातातलं काम टाकून जमिनीवर शोधते ते काळे मणी. काचेचे, मूठभर पैशांचे. हिरवा चुडाही काचेचाच. लग्नातल्या सगळ्या सोन्याला तो रंग पुरून उरतो. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे फारसं बरं नाही, पण आहे ते आहे.

११. मोडायला नेण्याआधी

सोन्याचा भाव चढला की जुने डाग मोडीत निघतात. गरज असेल तर मोडावेत, त्यात लाज कसली? सोनं त्यासाठीच तर ठेवतात. फक्त त्याआधी दागिन्याचा पुढून आणि मागून, दोन्हीकडून स्वच्छ फोटो काढा. वजन लिहून ठेवा. जुन्या चिठ्ठीवर तोळा असेल तर तो ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला दहाचा नव्हे. कुणाचा होता, कुणी घडवला, ठाऊक असेल ते फोटोच्या मागे लिहा. बदल्यात नवा दागिना घेतलात, तर त्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी ओळख क्रमांक, एचयूआयडी, सक्तीचा असतो, तो तपासून घ्या. कुंदन, पोलकी, जडावाला त्या सक्तीतून सूट आहे, म्हणून तिथे पावती नीट मागा. आणि सोनं वितळायच्या आधी खडे आणि मोती तुमच्या समोर काढून, मोजून, पुडीत बांधून घरी आणा. मोडीत सोन्याचे पैसे मिळतात, त्यांचे मिळत नाहीत.